जिन्याला घाबरणारा कुत्रा

सोमवार, ९ जानेवारी

कुत्रा जिना चढतोय! दुसऱ्या आवृत्तीचं मुखपृष्ठ आलं आणि त्यावर कुत्रा शेपूट वर करून, ऐटीत, तिसऱ्या पायरीवर. अख्ख्या कादंबरीत ज्याला एक पायरी चढता येत नाही, ज्याला दोन्ही हातांवर उचलून वर न्यावं लागतं, तो! चित्रकाराने पुस्तक उघडलेलंसुद्धा नाही. संपादकाला फोन लावला.

"अहो बाई, कुत्रा आहे, जिना आहे. अजून काय हवं?"

"भीती हवी!" मी ओरडले. "त्या पानावर भीती हवी!"

"बरं, भीती घालायला सांगतो. आणि मुद्रितं तीस तारखेला परत पाठवा. काही बदलायचं असेल तर तोवरच. नंतर माझ्या नावाने खडे फोडायचे नाहीत."

बदलणार काय? अकरा वर्षं लिहिते आहे, कुमारवयाच्या मुलांसाठी सात पुस्तकं झाली, त्यांतल्या एकालाच दुसरी आवृत्ती लाभली. हे 'आतून कडी'. चौदा वर्षांची एक मुलगी, शाळेत एकही मैत्रीण नसलेली. रोज संध्याकाळी गच्चीवर जाते आणि बंद पडलेल्या फोनवर एका कल्पनेतल्या मैत्रिणीशी बोलत बसते, घरच्यांना वाटावं, हिला कोणीतरी आहे. त्या मैत्रिणीचा हा कुत्रा. सातवं प्रकरण. मुलांची जेवढी पत्रं येतात त्यांतल्या निम्म्यांत हा कुत्राच असतो.

जेवताना दादाने नेहमीचा प्रश्न टाकला, "छोट्यांचं पुष्कळ झालं. मोठ्यांसाठी कधी लिहिणार?"

मी ताटावरून उठणारच होते. मी विचारते, चौदा वर्षांच्या माणसाच्या दुःखाला अर्धं तिकीट असतं का? दादा म्हणाला, "हे भाषणात घाल, टाळ्या पडतील." वहिनी हसली. लवंगी हसली नाही. लवंगी म्हणजे माझी भाची, यांची एकुलती एक. अंगाने एवढीशी आणि जिभेने तिखट, म्हणून बारशाच्या नावाने तिला कोणी हाक मारत नाही. हल्ली तिखटपणाही कमी झालाय.

गुरुवार, १२ जानेवारी

माझं पुस्तक कपाटात कोंडलंय! लवंगीच्या शाळेतल्या ग्रंथपाल बाईंचा फोन होता. सूचनापेटीत एक चिठ्ठी आली, पुस्तक काढून टाका म्हणून. निनावी. मुख्याध्यापकांनी लगेच पाचही प्रती कुलपात घातल्या. म्हणाले, समिती ठरवेल. समिती! जगात आजवर कुठल्या समितीने कुठल्या पुस्तकाचं बरं केलं आहे? पुस्तकं जाळणाऱ्यांनीही आधी समित्याच नेमल्या होत्या.

मी मुख्याध्यापकांना सरळ सांगितलं, मला शाळेत बोलायचंय. सगळ्या मुलांसमोर. ते म्हणाले, "तुम्ही बोलायला लागलात की तास बुडतात." पण दिला त्यांनी वेळ. शुक्रवार, सत्तावीस.

हे काम कुठल्यातरी पालकाचं आहे हे उघड आहे. मुलांना दुःख आहे हे ज्यांना खपत नाही, अशा कुणाचं तरी. लवंगी शाळेतून आली तेव्हा जिन्यातच गाठली.

"कोणी केली असेल गं तक्रार?"

"मला काय माहीत."

"तू वाचलंस ना पुस्तक? कधी बोलली नाहीस."

"वाचलं."

"मग?"

"छान आहे."

छान! शेजारणीच्या पडद्यांना छान म्हणतात. चार वर्षांपूर्वी हीच पोरगी माझ्या हस्तलिखितावर पेन्सिलीने 'इथे कंटाळा आला' असं लिहायची. आणि बरोबर तिथेच संपादकालाही कंटाळा यायचा.

शनिवार, १४ जानेवारी

नवी कादंबरी पान बावीसवर अडलीय. सकाळपासून एक वाक्य लिहिलं आणि खोडलं. तेच पुन्हा लिहिलं.

कारण मला ठाऊक आहे. वही आटलीय. माझ्या टेबलाच्या वरच्या खणात एक जाड वही असते. कानावर पडलेलं काहीही, तारखेसकट, तिच्यात जातं. बस थांब्यावरचं, दवाखान्यातलं, दुकानातलं. पण खरं पीक लवंगीचं. रोज पाचला ती माझ्या खोलीत यायची, खिडकीच्या कट्ट्यावर पाय वर घेऊन बसायची, माझ्या चहात बिस्किट बुडवायची आणि बोलायची. ती खाली गेली की मी लिहून घ्यायचे. तिची भाषा मला कुठल्या शब्दकोशात मिळणार होती? मला मूल नाही, पण मुलांच्या मनात माझ्याइतकं आत कोण गेलं आहे ते दाखवावं कोणीतरी.

पुस्तक आलं नोव्हेंबरात. तेव्हापासून ती वर आलेली नाही. नववीचा अभ्यास. ही परीक्षांची पद्धत एक दिवस एका अख्ख्या पिढीची जीभ गिळणार आहे, आणि आपण निकालपत्रं चौकटीत लावून बघत बसणार आहोत.

मंगळवार, १७ जानेवारी

शाळेत जाऊन आले. ग्रंथपाल बाई चिठ्ठी हातात देईनात, फक्त दाखवली. संगणकावर छापलेली, तीन वाक्यं.

'या पुस्तकातलं सातवं प्रकरण लेखिकेचं स्वतःचं नाही. ते विचारून घेतलेलं नाही. पुस्तक काढून टाका.'

माझ्या डोक्यात सणक गेली. मी चोर? अकरा वर्षं एकेक ओळ घासून लिहिली आणि आज माझ्यावर वाङ्मयचौर्याचा आरोप, तोही तोंड लपवून?

"कुठल्या पुस्तकातून चोरलं म्हणे मी? नाव सांगा म्हणावं!"

ग्रंथपाल बाई चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "पुस्तकातूनच घेतलं असं काही लिहिलेलं नाही."

"मग कशातून?"

"तुमची भाची मधल्या सुट्टीत रोज इथेच असते हल्ली. पुस्तकं लावून देते. डबाही इथेच खाते."

"असणारच. आत्याचा गुण आहे."

"आठवीत तिने 'माझी मैत्रीण' हा निबंध वर्गात वाचून दाखवला होता. त्या मैत्रिणीच्या कुत्र्याचं किती छान लिहिलं होतं. अख्ख्या वर्गाला पाठ झाला होता." आणि माझ्याकडे बघत राहिल्या, जणू फळ्यावर गणित मांडून आता माझी पाळी आहे.

मला एवढंच समाधान वाटलं, की पोरीत लेखणी आहे. पण भाचीच्या कौतुकात मुद्दा बुडवायची ही खाशी शिक्षकी युक्ती मी ओळखते. मी कुलूपबंद कपाटाकडे बोट दाखवून निघाले.

मात्र फाटकाबाहेर जे दिसलं त्याने सगळा शीण गेला. शाळा सुटली होती. लवंगी बाहेर पडली आणि तिच्या मागून तीन मुली. तिघींनी मुठी कानाला लावल्या, फोन धरल्यासारख्या, आणि एका सुरात, "हॅलो? हॅलो? कुत्रा चढला का गं?" आणि हसून लोटपोट.

माझं सातवं प्रकरण! रस्त्यावर! पाठ! पुस्तक कपाटात कोंडा, ते असं मुलांच्या तोंडी बाहेर येतं. मी लवंगीला हात केला. ती मान खाली घालून दुसऱ्या बाजूने निघून गेली. घरात लेखिका असली की या वयात लाज वाटायचीच.

शुक्रवार, २० जानेवारी

वहिनीने पुस्तक वाचलं. आजवर तिने माझं एकही वाचलेलं नाही. "मला डोळ्यांचा त्रास आहे" म्हणते, आणि सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवते.

जेवताना म्हणाली, "वन्सं, सातवं प्रकरण वाचलं."

वहिनी मला 'वन्सं' म्हणते तेव्हा दोनच शक्यता असतात, थट्टा किंवा वादळ.

"मग? कसं वाटलं?"

"हे तुला सुचलं कुठून?"

"कल्पनाशक्ती म्हणतात त्याला, वहिनी."

दादा म्हणाला, "कल्पनाशक्तीचा पुरवठा आमच्या आईकडून. मला फक्त केस आले, तेही गेले."

लवंगी ताट घेऊन उठली. अर्धी पोळी तशीच. "भूक नाही," म्हणाली. वहिनी तिच्या पाठीकडे बघत राहिली आणि मग माझ्याकडे. मी काय केलं होतं? मी आमटी वाढून घेतली.

या घरात माझ्यावर चोरीचा आळ आलाय आणि कोणाला त्याचं काहीही नाही.

सोमवार, २३ जानेवारी

संपादकाच्या कानावर गेलं. "बाई, खरंच कुठून उचललं असेल तर आत्ताच सांगा. छपाई थांबवतो. नंतर शोभा होईल."

तूसुद्धा! मी म्हटलं, पुरावा देते. तारखेसह देते.

वही काढली. आणि सापडला पुरावा. गेल्या वर्षीची सोळा एप्रिल. जसाच्या तसा उतरवते:

'लवंगी रोज पावणेसहाला गॅलरीत जाऊन जुन्या फोनवर बोलते. फोनमध्ये सिम नाही. पलीकडे कोणी नाही. मैत्रीण नाहीच. आईने काळजी करू नये म्हणून. मैत्रिणीचा कुत्रा जिन्याला घाबरतो, त्याला रोज उचलून न्यावं लागतं. हे सांगताना हसत होती, मग रडली. "आत्या, कुणाला सांगू नकोस हं." वापरायचं!'

'वापरायचं'खाली दोन रेघा.

झालं! माझ्या हस्ताक्षरात, माझ्या वहीत, पुस्तकाच्या सात महिने आधी. कुठल्या छापील पुस्तकातून चोरलं, बोला आता! आणि माझी कारागिरी वेगळीच. गॅलरीची गच्ची केली, आईच्या जागी आजी आणली, मुलीचे केस कुरळे केले, तिला चष्मा दिला. ओळखायला जागा कुठे ठेवलीय? बदलला नाही तो एक कुत्रा. तीनदा बदलून पाहिला. पाण्याला घाबरणारं मांजर केलं, पिंजऱ्याबाहेर न येणारा पोपट केला. सगळे मेलेले. तो कुत्रा जिवंत होता. असा कुत्रा लेखकाला दहा वर्षांतून एकदा भेटतो. तो टाकून द्यायचा?

ठरलं. शुक्रवारी वही घेऊन व्यासपीठावर जाणार आणि ही नोंद जशीच्या तशी वाचून दाखवणार. जेवताना सांगूनही टाकलं. दादा म्हणाला, "शाब्बास, पुरावाच फेक त्यांच्या तोंडावर." वहिनीच्या हातून पेला निसटला.

लवंगीने विचारलं, "कुठली नोंद?"

"बघशील शुक्रवारी. पहिल्या रांगेत बस."

बुधवार, २५ जानेवारी

वही नाही. खण उपसला, गादी उलटली, रद्दी पाहिली. नाही. घरात चोर आहे.

शुक्रवार, २७ जानेवारी

लिहायलाच हवं. मी इतरांचं सगळं लिहिते.

सभागृह भरलं होतं. चारशे मुलं, भिंतीला टेकून शिक्षक. वही नव्हती तरी मी पेटले होते. पहिल्या पाच मिनिटांत टाळ्या. म्हटलं, पुस्तकाला कुलूप लावणारा हात मुलांच्या तोंडावरही बसतो. म्हटलं, जो लेखक भिऊन आपलं पान मागे घेतो, त्याने लेखणी मोडून भाजी निवडावी. टाळ्या. मग मी उतरवून घेतलेली चिठ्ठी वाचली. तिन्ही वाक्यं, आवाज बदलून, नाकातून. सभागृह हसलं.

आणि मी गरजले, "हे ज्याने कोणी लिहिलं, त्याच्यात एवढीशी जरी हिंमत असेल तर त्याने उभं राहावं!"

 मग मागच्या रांगेतून कोणीतरी भुंकलं.

अगदी हळू. भू. मग दुसऱ्या कोपऱ्यातून. मग मुठी कानाला लागल्या, दहा, वीस, पन्नास. हॅलो, हॅलो. हसण्याची लाट उठली. मी हसून हात वर केला, मला वाटलं माझ्यासाठी आहे. आणि मग पाहिलं, माझ्याकडे कोणीच बघत नव्हतं. चारशे मुलांची तोंडं पहिल्या रांगेकडे वळली होती.

लवंगी उभी होती. छातीशी माझी वही.

"मी लिहिलं," ती म्हणाली. तिला माइक नव्हता, तरी ऐकू आलं.

मी अकरा वर्षं भाषणं करते आहे. मला एक शब्द सापडला नाही. तिने वाट पाहिली. खरंच पाहिली, आम्ही दोघी कट्ट्यावर बसायचो तेव्हा माझ्या उत्तराची पाहायची तशी. मग ती बाजूच्या दाराने निघून गेली. ग्रंथपाल बाई तिच्या मागे धावल्या. मी व्यासपीठावर उभी होते. आजही धावणारी मी नव्हते.

शनिवार, २८ जानेवारी

लवंगीची खोली आतून बंद. दाराशी गेले. "लवंगी, ऐक ना," एवढंच बोलले.  मागे वळले तर वहिनी स्वयंपाकघरात उभीच होती.

"तुला वाटतं मला माहीत नव्हतं?" ती म्हणाली. "त्या फोनमधलं सिम मीच काढलं होतं. पहिल्या दिवसापासून मला ठाऊक होतं पलीकडे कोणी नाही. वर्षभर मी रोज विचारायचे, कुत्रा कसा आहे, आज चढला का. ती सांगायची, नाही गं आई, आजही उचलावं लागलं. तेवढ्यावर माझी लेक आमच्याशी जोडलेली होती. मी तिला कधी पकडलं नाही. आणि तुम्ही, वन्सं, तुम्ही ते छापलंत."

बावीस वर्षांत तिने मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

मी म्हटलं, "दूर गावच्या कितीतरी मुलींनी मला पत्रं पाठवली वहिनी, त्या प्रकरणामुळे त्यांना—"

"त्यांना तुमच्या खोलीत बोलवा आता. पाच वाजता."

मला राग आला. हेही लिहून ठेवते. तिचा आला, शाळेचा आला, भुंकणाऱ्या कार्ट्यांचा आला. खोलीत येऊन तासभर मी मनात सगळ्यांना उत्तरं दिली आणि सगळ्या वादांत जिंकले. मग मुद्रितं दिसली. सातवं प्रकरण वाचलं. चांगलं आहे. तेच तर! वाईट असतं तर कोणाच्या लक्षातही राहिलं नसतं. मीच त्याला एवढं घासलं, एवढं धारदार केलं, आणि त्या धारेवर कोण उभं आहे हे एकदाही वाकून पाहिलं नाही. तिने मला 'सांगू नकोस' म्हटलं होतं, आणि मी काय केलं? ते वाक्यही लिहून घेतलं. अवतरणचिन्हांत.

सोमवार, ३० जानेवारी

संपादकाला कळवलं, सातवं प्रकरण काढा.

"मग आठवं कशावर उभं राहणार?"

"पडू दे."

"पुस्तक मरेल, बाई."

"मग दुसरी आवृत्ती नको. छापू नका."

 मग म्हणाला, "शुक्रवारी तुम्ही पान मागे घेणाऱ्या लेखकाबद्दल काहीतरी म्हणालात म्हणे. भाजीचं."

"हो. निवडते आहे," म्हटलं आणि फोन ठेवला.

गुरुवार, २ फेब्रुवारी

पाच वाजून गेले होते. जिन्यावर पावलं वाजली. मी हललेही नाही, मुद्दाम खिडकीबाहेर पाहत राहिले.

लवंगी आली. वही टेबलावर ठेवली. एकही पान फाडलेलं नव्हतं. मला फाडलेलं सोसलं असतं.

"सगळी वाचली," ती म्हणाली. "पहिलीपासूनचं आहे त्यात. माझा दात पडला तेही आहे."

"हो."

"मला वाटायचं तू ऐकतेस."

मी भाषण तयार ठेवलं होतं. चार दिवस घोटलेलं. त्यातलं एक वाक्य बाहेर आलं, तेही अर्धं. "चुकलं माझं. ते प्रकरण मी काढून टाकलं, संपादकाला सोमवारीच—"

"काढून टाकलंस?" तिचा आवाज चढला. तीन महिन्यांनी पहिल्यांदा तिखट. "सगळ्यांनी वाचून झालंय, आता काढून काय! उलट म्हणतील, बघा, खरंच होतं. मला विचारलंस? घालताना विचारलं नाहीस, काढतानाही विचारलं नाहीस! तुझंच आहे ना सगळं!"

खरंच विचारलं नव्हतं. माझ्या मनातही आलं नव्हतं. या वेळी राग काढायला दुसरं कोणी नव्हतं.

"मग आता विचारते," मी म्हटलं. "काय करू?"

"मला आत्ता नाही माहीत. सांगेन नंतर. तोवर काही करू नकोस."

"संपादकाला थांबायला सांगते."

"फक्त थांबायला सांग. कारण सांगू नकोस."

"नाही सांगणार."

ती जाईल असं वाटलं. गेली नाही. कट्ट्यावर बसली, पाय खाली सोडून, पाहुण्यासारखी. चहा होता, बिस्किटं होती, तिने हात लावला नाही. खाली वहिनी भांडी घासत होती, नळाचा आवाज येत होता. मग नळ बंद झाला.

"आईने काल पुन्हा विचारलं," लवंगी म्हणाली. "कुत्रा कसा आहे म्हणून. आता सगळं कळल्यावरसुद्धा."

"मग तू काय सांगितलंस?"

तिने माझ्या हातांकडे पाहिलं. माझा उजवा हात पेनाजवळ गेला होता. मला कळलंही नव्हतं. मी तो ओढून घेतला आणि मांडीखाली दाबून त्यावर बसले, वर्गात शिक्षा झालेल्या मुलीसारखी. ती किंचित हसली की काय, सांगता येत नाही.

मग तिने सांगितलं. कुत्र्याचं शेवटी काय झालं ते, सगळं, सावकाश. अकरा वर्षांत माझ्या कानावर इतकं सुंदर काही पडलेलं नाही. ती खाली गेली तेव्हा हात पार बधिर झाला होता.

ते मी इथे लिहीत नाही.